किल्लेदाराची पाठ

उत्तर न दिलेलं ते पत्र अप्पांना आठवलं तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत बायकोचा खांदा होता. तिला कुशीवर वळवून त्यांनी स्वतःकडे ओढून धरलं होतं आणि पलंगाच्या पलीकडून सेवेला ठेवलेली मावशी तिच्या पाठीवरची पट्टी सोडवत होती.

"घट्ट धरा, आजोबा. काचेचं भांडं धरल्यासारखं काय धरताय? आजी काय फुटणार आहेत?"

अप्पांनी पकड घट्ट केली. पट्टीचं शेवटचं टोक निघताना बायकोच्या घशातून बारीक आवाज आला.

"झालं हं आजी, झालं." मावशीने पट्टी बादलीत टाकली. "आता तुम्ही बघा जरा इकडे. कालच्यापेक्षा बरी आहे का पाठ, ते सांगा. डॉक्टर नुसतं मला विचारतात आणि मग माझ्यावरच डाफरतात."

अप्पा पुढे वाकले. बघायची होती जखम, पण नजर आधी पाठीवरच खिळली. मणक्यांची ओळ कातडीखालून वर आली होती. एका बाजूला, खांद्याच्या हाडाखाली, कधीकाळी पडलेल्या टाक्यांचा फिकट माग होता. तो केव्हाचा, हे त्यांना आठवेना. ही पाठ आपण भर उजेडात आजच बघतो आहोत, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यासरशी ते पत्र आठवलं. त्या पत्रात सगळं पाठीबद्दलच होतं.

"बरी आहे," ते म्हणाले.

"कुठे बरी आहे? चांगली वाढलीये." मावशी कापूस भिजवत म्हणाली. "तुमच्या तोंडून कधी वाईट म्हणून निघायचं नाही. नुसती गोगलगाय आहात बघा."

हे नाव तिला कोणी सांगितलं नव्हतं. कचेरीत सगळी वर्षं अप्पांना याच नावाने ओळखत.

पत्र गेल्या वर्षी आलं होतं, अप्पांच्या एकुलत्या एका कादंबरीबद्दल, बायको हिंडतीफिरती असताना. लिहिणारी कुठल्याशा कॉलेजात शिकवत होती. जुन्या काळावरच्या कादंबऱ्यांत माणसाच्या शरीराचे कोणते शब्द येतात, यावर ती अभ्यास करत होती. बाकीच्यांच्या कादंबऱ्यांत छाती, मनगटं, मिशा आणि डोळ्यांतले निखारे यांची नुसती रेलचेल आहे, असं तिने लिहिलं होतं. तुमच्या पुस्तकात छाती शोधून सापडत नाही. तुमच्याकडे आहे ती पाठ. सुरुवातीला ती ओझ्याची पाठ आहे, खोगिराने सोलवटलेल्या घोड्यांची, गडावर पाणी चढवणाऱ्या माणसांची. मग वेढा पडतो आणि ती पहाऱ्याची पाठ होते. तटावर ओळीने उभे असलेले शिपाई आतल्या बायकांना दिसतात ते पाठमोरेच. कोणी शत्रूला पाठ दाखवतो, कोणाच्या पाठीत वार होतो, पण तेवढ्यापुरतंच. निम्मं पुस्तक उलटलं की या सगळ्या पाठी मागे पडतात आणि एकच उरते, किल्लेदाराची. त्याच्या बायकोला सबंध कादंबरीत त्याचा चेहरा एकदाही दिसत नाही. 'जाताना एकदा मागे वळून बघा,' असं ती त्याला म्हणते. तो 'बघेन' म्हणतो आणि शेवटच्या ओळीत बघत नाही. हे तुम्ही आधीपासून ठरवलं होतं का? केव्हा सुचलं? एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं तर मोठे उपकार होतील.

पहिल्यांदा अप्पांना वाटलं, कोणीतरी टोपी उडवतंय. मग पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, पोरगी खरंच वाचून लिहिते आहे, आणि जास्तच घाबरायला झालं. पाठ हा शब्द आपल्या पुस्तकात इतका आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी बरेच मायने लिहिले आणि फाडले. आपल्याच पुस्तकातलं आपल्याला माहीत नाही, हे कुठल्या तोंडाने लिहायचं?

"कोणाचं पत्र?" बायकोने तेव्हा विचारलं होतं. ती भाजी निवडत होती.

"असंच. कॉलेजातली कोणी आहे."

"काय म्हणते?"

"काहीतरी विचारते पुस्तकाबद्दल."

"मग सांगा की."

"बघू."

तिने मान खाली घालून दोन-चार देठ मोडले होते. "मला दाखवा," असं ती म्हणाली नाही आणि त्यांनीही दाखवलं नाही. पत्र कपाटात गेलं. त्यानंतर महिन्याभरात तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दोनच शब्द उरले, हो आणि नाही. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना सगळं समजतं. हो म्हणाल्या तर हो आणि नाही म्हणाल्या तर नाही. त्यात शंका घेऊ नका. पण पुन्हा झटका आला तर तेवढंही राहील, असं मी सांगू शकत नाही." आता पडून पडून झालेल्या जखमेपायी अंगात रोज ताप असायचा. अलीकडे डॉक्टरांनी घरी येणं वाढवलं होतं आणि बोलणं कमी केलं होतं.

मावशीने नवी पट्टी चिकटवली. दोघांनी मिळून बायकोला खिडकीच्या बाजूला वळवलं, पाठीशी उशी लावली. निकामी झालेला उजवा हात मावशीने उचलून दुसऱ्या उशीवर ठेवला, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा. अप्पांनी तो हात बघितला. सगळी कादंबरी त्याच हाताने लिहिली होती.

ते खरंच तसं होतं. अप्पा आणि बायको एकाच कचेरीत होते, जुन्या कागदपत्रांच्या. अप्पा कागद लावून ठेवत. बायको नकला करी. मूळ कागद हाताळून झिजू नये म्हणून त्याची हाताने नक्कल करून ठेवायची, हे तिचं काम. त्या कामाला एकच कायदा होता. मुळात असेल तेच लिहायचं. चूक असेल तर चूक लिहायची, मूळ लिहिणाऱ्याने एखादा शब्द खाल्ला असेल तर तो खाल्लेलाच ठेवायचा. बायको त्यात इतकी कडक, की मुळावर शाईचा डाग असला तर ही तेवढाच डाग नकलेवर पाडते, असं कचेरीत गमतीने म्हणत. "नकलेला अक्कल लागते," ती त्यावर म्हणायची, "आणि ती वापरायची नाही, याला जास्त लागते."

अप्पांच्या डोक्यात लग्नाआधीपासून एका किल्ल्याची गोष्ट होती. पण स्वतःचं वाक्य कागदावर दिसलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई आणि ते पान फाडून टाकत.

"तुम्ही बोला, मी लिहिते," एक दिवस बायको म्हणाली. "वही माझ्याकडे राहील. फाडायला मिळायची नाही."

कोणाच्या तोंडाकडे बघून अप्पांना गोष्ट सांगता येत नसे, बायकोच्याही नाही. म्हणून संध्याकाळी कचेरीतून आल्यावर ते स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि मागे टेबलाशी बसून ती लिहून घेई. काही वर्षं हे असं चाललं. ते वाक्य संपवून थांबत, तरी मागे पेनाचा आवाज चालूच असे. तिचा हात सावकाश आहे, असं ते समजत. आवाज थांबला की पुढचं वाक्य सांगत.

पुढे छापखान्यातून प्रुफं आली तेव्हा अप्पांनी ती लाजत, घाईघाईने वाचली. शेवटच्या पानावर जरासे अडखळले. किल्ल्याच्या चाव्या शत्रूच्या हवाली करायला किल्लेदार छोट्या दरवाजातून वाकून बाहेर पडतो आणि मागे वळून बघतो, असं आपण सांगितल्याचं त्यांना अंधूक आठवत होतं. समोर छापलं होतं, 'त्याने मागे वळून पाहिलं नाही.' आणि छापलेलंच चांगलं होतं. आपणच ऐन वेळी बदललं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. बायकोची शंका तर त्यांना शिवलीसुद्धा नाही. मुळातला डाग न सोडणारी बाई शब्द कसा बदलेल? स्वतःच्या आठवणीपेक्षा तिच्या अक्षरावर त्यांचा जास्त भरवसा होता.

कादंबरी फारशी खपली नाही. कचेरीतले लोक म्हणाले, गोगलगायीच्या पोटातून किल्ला निघाला. पण एका नावाजलेल्या टीकाकाराने लिहिलं, की शेवटच्या ओळीखातर आधीचं सगळं माफ आहे. त्यानंतर अप्पांनी दुसरं पुस्तक लिहिलं नाही. हातून झालेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांना संशय होता. ती एक ओळ मात्र बरी होती. निवृत्तीनंतर, कोणाच्या लग्नाकार्यात कोपऱ्यात खुर्ची धरून बसलेले असताना, ते कधीकधी ती मनातल्या मनात म्हणत.

मावशी गेल्यावर अप्पांनी कपाटातून पुस्तक काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि पलंगाशेजारी बसून पहिल्या पानापासून पाठ शोधायला लागले.

रविवारी लेक आली. आल्या आल्या तिने आईच्या कपाळाला हात लावला, मग अप्पांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता चहा टाकला. चहा घेऊन आली तेव्हा तिला खुर्चीवरचं पुस्तक दिसलं.

"हे काय? स्वतःच्याच पुस्तकावर रेघा? परीक्षेला बसताय की काय अप्पा?"

"असंच बघत होतो."

"आई, ऐकलंस का? कादंबरीकारांना चाळिशीनंतर चाळिशी लागते म्हणतात, यांना ऐंशीला आपली कादंबरी दिसली." ती पलंगाच्या कडेला टेकली आणि पानं चाळू लागली. "मी वाचून दाखवू आईला? हे बघ, इथे तर रेघाच रेघा आहेत."

पलंगावरचे डोळे उघडे होते. लेकीने घसा साफ केला आणि शाळेत वाचायची तशी वाचू लागली.

"'किल्लेदार खिडकीशी उभा राहून खालच्या शेकोट्या बघत होता. ती दिव्याशी बसून त्याच्याकडे बघत होती. संताप आवरायचा असला की त्याचा उजवा खांदा कानाकडे सरके आणि डगल्याची मागची शिवण ताणली जाई…' अय्या अप्पा, हे तर तुम्ही! राग आला की खांदा वर. मी आणि दादा लांबून खांदा बघूनच पळायचो."

"माझा खांदा? कुठे वर जातो माझा खांदा?"

"आत्तासुद्धा गेलाय." ती हसली आणि पुढे वाचू लागली. "'मानेवर, केस संपतात तिथे, दोन तीळ होते, एकाखाली एक, विसर्गासारखे. तो झोपल्यावर ते उशीत लपत. इतरांना त्याचा चेहरा माहीत होता. ते तीळ तिचे एकटीचे होते.'" ती थांबली. "थांबा हं."

ती उठून अप्पांच्या मागे गेली, त्यांचं डोकं दोन्ही हातांनी पुढे वाकवलं आणि सदऱ्याची कॉलर खाली ओढली. अप्पा वाकून चहाच्या कपाकडे बघत राहिले.

"आहेत," लेक मागून म्हणाली. "एकाखाली एक."

"काय आहेत?"

"तीळ, अप्पा. दोन."

"मला कधी कोणी बोललं नाही."

"न्हावी काय सांगणार तुम्हाला, तीळ मोजून?" ती हसत पुढे आली. "पण मग तुम्ही लिहिलंत कसं? आपल्याला काही आपली…"

वाक्य तिने पुरं केलं नाही. तिचं हसू तसंच राहिलं, पण त्यातून काहीतरी निघून गेलं. तिने आईकडे बघितलं. आईने डोळे मिटून घेतले होते.

लेकीने पुस्तक बंद करून होतं तसं खुर्चीवर ठेवलं.

"लहानपणी मला वाटायचं," ती हळू आवाजात म्हणाली, "अप्पा भिंतीला गोष्ट सांगतात. आणि आईला ऐकू जाऊ नये म्हणून तिकडे तोंड करतात."

"तसं नव्हतं."

"माहितीये मला." तिने कप उचलले. "चहा गार झाला तुमचा. दुसरा करते."

पुढचे दिवस अप्पांनी विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही. मावशी असताना विचारणं शक्य नव्हतं. मावशी गेल्यावर बायकोला झोप लागलेली असे. लागलेली नसली तरी ते लागली आहे असं धरून चालत. विचारायला समोर बसावं लागणार होतं, आणि तिच्या तोंडाकडे बघून बोलावं लागणार होतं. शिवाय उत्तर काय येईल, हे त्यांना आता जवळजवळ कळलं होतं. ते आलं की ती एक ओळ हातातून जाणार होती. या वयात दुसरी कुठून आणायची?

मग एका दुपारी ताप चढला. मावशीने ओल्या फडक्याने अंग पुसलं, "आजी, बरं वाटतंय का?" म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. बायकोचे ओठ हलले आणि मोठ्या प्रयासाने, खूप उशिरा, "नाही" आलं.

"शब्द जड जायला लागलाय हो, आजोबा," मावशी फडकं पिळत म्हणाली. त्या दिवशी ती काही थट्टा करून गेली नाही.

अप्पांनी खुर्ची ओढली. नेहमी ते पायथ्याशी बसत. आज खिडकीच्या बाजूने आले आणि उशीसमोर बसले, इतके जवळ की तिचा गरम श्वास त्यांच्या हाताला लागत होता. ती त्यांच्याकडे बघत होती. त्यांची नजर दोनदा खाली गेली आणि दोनदा त्यांनी ती वर आणली.

"शेवटचं प्रकरण वाचतो," ते म्हणाले. "वाचू?"

"हो."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. गडावरचं पाणी संपलं. उरलेली घोडी सोडून दिली गेली. किल्लेदार चाव्यांचा जुडगा कमरेला लावून अंगणातून चालू लागला. त्याची बायको उंबऱ्याशी उभी राहिली. मधे एक वाक्य आलं, 'एकदा इकडे तोंड करून बोला, असं ती म्हणाली होती; वेढा उठू दे, असं तो म्हणाला होता.' अप्पांनी ते वाचलं आणि बोट त्या वाक्यावर ठेवलं. वेढा उठू दे, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी म्हटलं होतं ते वेगळंच, एका संध्याकाळी, भिंतीशी उभं राहून. "एवढं पान होऊ दे," असं ते म्हणाले होते. आणि मग पुढचं पान सांगितलं होतं.

ते शेवटच्या ओळीपाशी आले. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. ओळ तोंडपाठ होती, पण त्यांनी ती म्हटली नाही.

"किल्लेदार वाकून दरवाजातून बाहेर पडला," ते तिच्याकडे बघत म्हणाले, "आणि त्याने मागे वळून पाहिलं."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली.

"मी असंच सांगितलं होतं ना? पाहिलं, असं?"

ओठ हलले. "हो."

"आणि तू…" त्यांनी रुमाल काढला आणि तसाच मुठीत धरला. "वळला नाही का तो?"

"नाही."

हा शब्द तिला जड गेला नाही. अगदी स्वच्छ आला, जसा पूर्वी कचेरीत येई, कोणी मुळात नसलेलं काही तिच्याकडून लिहून घ्यायला बघे तेव्हा.

"एकदासुद्धा?"

तिने डावा हात चादरीखालून बाहेर काढला. तो उचलायला तिला वेळ लागला. अप्पा मदतीला वाकले तर तिने बोटांनीच त्यांना थांबवलं. हात त्यांच्या उजव्या खांद्यापर्यंत आला. खांदा कानाकडे सरकलेला होता. त्यांना ते आत्ता कळलं. तिने तळवा त्यावर ठेवला आणि दाबला. जोर असा नव्हताच त्यात. पण खांदा हळूहळू खाली आला, आणि आल्यावरही हात तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी कागद घेतला. पत्ता उतरवून घ्यायला जुनं पत्र काढलं. टेबल खिडकीशी ओढून घेतलं, म्हणजे मान वर केली की ती दिसावी. ती बघत असताना त्यांनी लिहिलं. एकदा कागद फाडायला हात गेला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तो परत खाली ठेवला.

उत्तराला उशीर झाल्याबद्दल क्षमा असावी, असं त्यांनी लिहिलं. आपण विचारता तो निर्णय माझा नाही. मी पुस्तक तोंडी सांगत होतो आणि माझी पत्नी लिहून घेत होती. सांगताना माझी तिच्याकडे पाठ असे. पुस्तकातली घोडी, पाणी वाहणारे, तटावरचे शिपाई यांच्या पाठी कोणी घातल्या, ते मला आता सांगता येत नाही. किल्लेदाराची पाठ मात्र माझी आहे. त्यामुळे ती मी लिहिलेली असणं शक्य नाही. शेवटची ओळ मी निराळी सांगितली होती. तिने लिहिली ती बरोबर आहे.

इथे त्यांनी पेन ठेवलं. नंतर खाली आणखी थोडं लिहिलं.

तिला आता हो आणि नाही एवढंच म्हणता येतं. त्यात उत्तर देता येईल असे प्रश्न असतील, तर लवकर यावं.

पाकिटावर डिंक लावताना मावशी आली. ती आज लवकर आली होती. ताप रात्रभर उतरला नव्हता.

"पत्र? अजून लिहितं का कोणी पत्र?" तिने पिशवी खुंटीला अडकवली. "द्या, जाताना मी टाकते."

"नको. मी टाकतो. वळणावर तर पेटी आहे."

"छत्री घ्या मग, ऊन आहे. आणि लवकर या, पट्टीला माणूस लागतो मला."

अप्पांनी चपला घातल्या. दारापर्यंत गेले आणि परत आले. बायकोचं तोंड खिडकीकडे होतं. खिडकीबाहेर गल्ली होती, आणि गल्लीच्या टोकाला, वळणावर, टपालाची पेटी.

"पत्र टाकून येतो," ते तिला म्हणाले. मग जरा वाकून, मावशीला ऐकू जाणार नाही अशा बेताने, म्हणाले, "वळणावरून मागे बघेन हं."

मावशीला ऐकू गेलंच. "पेटीपर्यंत निघालेत आणि निरोप बघा, जसे काही सात समुद्र ओलांडून चाललेत!" ती म्हणाली.

बायकोचे ओठ हलले. शब्द आला नाही. अप्पा थोडा वेळ थांबले आणि मग निघाले.

गल्लीत सायकल दुरुस्तीवाला एका चाकात हवा भरत होता. पुढे कोणीतरी गच्चीवरून ओली चादर झटकली आणि थेंब अप्पांच्या छत्रीवर पडले. ते भिंतीच्या कडेकडेने, नेहमीसारखे, कोणाच्या वाटेत येऊ नये असे चालले. आपला खांदा वर आहे की खाली, याकडे त्यांचं लक्ष होतं. मागून ते कसं दिसत असेल, हे मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

वळण आलं. पेटीसमोर ते उभे राहिले. पाकीट खिशातून काढलं, पत्ता पुन्हा एकदा वाचला. मग छत्री मिटली आणि वळले.

खिडकी इथून सरळ दिसत होती. पण मधे कूस बदलायची वेळ झाली होती. मावशीने तिला आतल्या भिंतीकडे वळवलं होतं. खिडकीत तिची पाठ होती, उघडी, पांढऱ्या पट्टीची. मावशी वाकून काहीतरी करत होती.

अप्पा बघत राहिले. सायकलवाल्याने चाक फिरवून बघितलं, "काय अप्पा, काही विसरलात?" म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली, ती हो अशी की नाही अशी, ते त्याला कळलं नाही.

त्यांनी नजर खिडकीवरून काढली नाही. हात मागे नेऊन पेटीचं तोंड चाचपलं, पाकीट आत सरकवलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला.